'सगळे धर्म शेवटी एकच सांगतात': खरंच?

आडवाछेद

मधे वर्तुळ, भोवती दहा-बारा धर्मांची वचनं, खाली तात्पर्य म्हणून 'सोनेरी नियम': 'आपल्याला जसं वागवलं जावं वाटतं तसं दुसऱ्याशी वागा, सगळे धर्म हेच सांगतात.' असा तक्ता पाहिला नाही असा माणूस विरळा. माझं म्हणणं एवढंच की हा तक्ता वचनांची शेपटं छाटून तयार होतो.

तालमूद या ज्यूंच्या धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या 'शब्बात' प्रकरणात एक परका येतो आणि म्हणतो, मी एका पायावर उभा आहे तेवढ्यात मला सगळी तोरा (ज्यूंचं धर्मशास्त्र) शिकवा. शम्माय हा गुरू त्याला हातातल्या बांधकामाच्या मापपट्टीने हाकलतो. दुसरा गुरू हिल्लेल सांगतो, 'तुला ज्याचा तिटकारा आहे ते दुसऱ्याशी करू नकोस. हीच सगळी तोरा, बाकीचं भाष्य. जा, शीक.' तक्त्यावर 'जा, शीक' नसतं. म्हणजे पुढचा सगळा अभ्यासक्रमच गळाला.

दुसरं, हिल्लेल 'करू नकोस' म्हणतो, बायबलमधलं मत्तय ७:१२ 'करा' म्हणतं. पहिलं पाळायला दिवसभर पडून राहिलं तरी भागतं. दुसऱ्यासाठी उठावं लागतं. हा फरक किरकोळ नाही.

तिसरं, 'दुसरा' म्हणजे कोण? तोरातल्याच लेवीय १९:१८ मध्ये शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायला सांगितलंय, पण त्याच वचनाची सुरुवात 'आपल्या लोकांवर सूड उगवू नको' अशी आहे. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, 'दुसऱ्या'च्या जागी 'भाऊ' आहे, आणि भाऊ कोणाला म्हणायचं यावर भाष्यकारांत मतभेद आहेत. उलट बौद्धांचं धम्मपद आणि जैनांचं आचारांग थेट सगळ्या जीवांपर्यंत जातात. एकाच्या कुंपणात जमात, दुसऱ्याच्या कुंपणात किडामुंगी, आणि आपण म्हणायचं की दोघांचं शेत एकच!

पोथीवाचक

शेपटं छाटली जातात हे कबूल. पण ती परत जोडली तर तुमच्याच मुद्द्याला भोक पडतं.

लेवीय १९:१८ वर थांबलात. सोळा वचनं पुढे जा, १९:३४. तिथे परक्यावरही स्वतःसारखीच प्रीती करायला सांगितलंय आणि कारणही दिलंय: तुम्हीही मिसर देशात परके होता. बायबलमधल्या लूकच्या दहाव्या अध्यायात तर शास्त्राचा जाणकार तुमचाच प्रश्न विचारतो, 'माझा शेजारी कोण?' उत्तरादाखल येणाऱ्या गोष्टीत जखमी माणसाला उचलणारा निघतो शोमरोनी, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या लेखी अगदी कुंपणाबाहेरचा. कुंपण कुठे घालायचं हा वाद परंपरांच्या आतच चालू होता. तो आपण शोधून काढलेला नाही.

आता महाभारत. अनुशासनपर्वात बृहस्पती युधिष्ठिराला सांगतो:

न तत्परस्य संदध्यात् प्रतिकूलं यदात्मनः।

स्वतःला जे प्रतिकूल ते दुसऱ्याच्या वाट्याला आणू नये. हाच चरण विदुरनीतीतही आहे. लोक इथेच थांबतात. अनुशासनपर्वातला पुढचा श्लोक बघा: प्रत्याख्याने च दाने च सुखदुःखे प्रियाप्रिये। आत्मौपम्येन पुरुषः प्रमाणमधिगच्छति॥ नाकारताना, देताना, सुखात, दुःखात, आवडी-नावडीत, स्वतःची उपमा घेऊन माणसाला 'प्रमाण' सापडतं. प्रमाण म्हणजे माप, गज. गज काय शिवायचं ते सांगत नाही, कापड कमी पडतंय का तेवढं सांगतो. गीतेत (६.३२) 'आत्मौपम्येन', धम्मपदात (१२९) 'अत्तानं उपमं कत्वा'. शब्दसुद्धा तोच, आणि क्रिया एकच: स्वतःची उपमा घेणे. मतभेद गज कुठवर न्यायचा याचे आहेत, गजाचे नाहीत.

तर्कट

दोघेही पोथीत रमलात. गजच वाकडा आहे त्याचं काय? नाटककार शॉ १९०३ मध्येच बजावून गेला: तुम्हाला जसं वागवलं जावं वाटतं तसं इतरांशी वागू नका, त्यांची आवड वेगळी असू शकते.

नेहमीचं उदाहरण घ्या. रस्ता ओलांडायला उभी असलेली अंध व्यक्ती. डोळस माणूस 'मी तिच्या जागी असतो तर' असा विचार करतो, म्हणजे मनातल्या मनात स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधतो, घाबरतो, आणि तिचा दंड धरून ओढत नेतो. बहुतेकदा काठी धरलेलाच हात पकडतो. झालं, पुढची कडा चाचपायचं साधनच गेलं. माणूस प्रामाणिक, सोनेरी नियम काटेकोर पाळलेला, आणि समोरची व्यक्ती आधीपेक्षा जास्त धोक्यात. कारण पट्टी बांधल्यावर दिसते ती स्वतःची पाच मिनिटांची भीती. तिचा वर्षानुवर्षांचा सराव त्यात नसतो.

आणि तत्त्वज्ञ कांट. १७८५ च्या ग्रंथात त्याने हा नियम तळटीपेत निकालात काढला: याच्या जोरावर गुन्हेगार न्यायाधीशाला विचारेल, 'माझ्या जागी तुम्ही असता तर शिक्षा हवी होती का?'

अर्धविराम

तर्कट, उदाहरण उत्तम, निष्कर्ष चूक. तुमचा डोळस माणूस नियम पाळत नाही, अर्ध्यात सोडतो.

नीट पाळायचा तर आधी माहिती: मी जे करणार त्याचा तिच्यावर काय परिणाम होईल? माहीत नसेल तर विचारायचं. मग कल्पना: तिच्या जागी मी, पण तिच्या सवयी, तिची गरज, तिची काठी घेऊन. माझी भीती घेऊन नव्हे. आणि तिसरी पायरी, जिथे सगळे घसरतात: 'त्या जागी मला काय आवडेल' हा प्रश्नच नाही. प्रश्न असा: 'त्या जागी मी असताना कोणी माझ्याशी असं वागलं तर ते मला आत्ता, इथे बसून, मान्य आहे का?' हॅरी गेन्सलर या तर्कशास्त्रज्ञाने हा 'आत्ता' फार नेटाने लावून धरला. विजेच्या सॉकेटमध्ये बोट घालणाऱ्या लहान मुलाला अडवलेलं त्या क्षणी आवडणार नाही. पण मी तेवढा असताना मला अडवलं असतं तर ते मला आत्ता मान्य आहे. म्हणून अडवायचं.

अंध व्यक्तीच्या बाबतीत यातून ओढणं निघतच नाही. 'मदत हवी का?' विचारा. हो म्हणाली तर आपलं कोपर पुढे करा. ती कोपराच्या जरा वर धरते आणि अर्धं पाऊल मागे चालते. तुमच्या शरीराच्या हालचालीवरून तिला वळण कळतं, कडा आली की तुम्ही तोंडाने सांगता. पकड तिची, सोडायचं स्वातंत्र्यही तिचंच.

कांटच्या न्यायाधीशानेही फक्त आरोपीच्याच जागी का उभं राहायचं? ज्याचं नुकसान झालं तोही 'दुसरा'च की.

तर्कट

कोपराचं पटलं. पण बघा, सगळं काम 'मदत हवी का' या प्रश्नाने केलं, उपमेने नाही. मग सरळ मिल्टन बेनेटचा १९७९ चा प्लॅटिनम नियम घ्या ना: त्यांना जसं हवं तसं त्यांच्याशी वागा.

अर्धविराम

तो घेतला की सॉकेटकडे निघालेल्या मुलाला वाट करून द्यावी लागेल. शिवाय विचारलंच पाहिजे असं तुम्हाला वाटलं कशावरून? स्वतःला न विचारता कोणी ओढलेलं चालत नाही यावरूनच ना?

आडवाछेद

गज एकच, हे पोथीवाचकांचं मी मान्य करतो. तिथवर माघार. पण 'का पाळायचा' हे कोणीच घेतलं नाही. १९९३ मध्ये शिकागोच्या विश्वधर्म परिषदेत जागतिक नीतीचा जाहीरनामा आला. मसुदा धर्मतज्ज्ञ हान्स क्यूंग यांचा, आणि हा नियम त्याच्या गाभ्याशी. तो देवाच्या नावाने काढता आला नाही, कारण बौद्धांनाही सही करता यायला हवी होती. म्हणजे एकमतासाठी आधी कारण बाजूला ठेवावं लागलं. गीतेचं कारण 'आत्मा एक', लेवीयचं 'मी परमेश्वर आहे', धम्मपदाचं 'सगळेच दंडाला भितात'. ही तिन्ही एका वर्तुळात मावत नाहीत.

पोथीवाचक

कारणं मावत नाहीत, मान्य. पण नियम पाळणं कारणाअभावी अडतं असं मला दिसत नाही, ते भलतीकडेच अडतं. कन्फ्यूशियसचा शिष्य त्सकुंग एकदा म्हणतो, मला इतरांनी जे करू नये ते मीही इतरांना करत नाही. गुरू म्हणतो, 'तू अजून तिथवर पोचलेला नाहीस.' पुढे कन्फ्यूशियसच्या वचनसंग्रहाच्या पंधराव्या प्रकरणात तोच शिष्य विचारतो, जन्मभर आचरावा असा एखादा शब्द आहे का? उत्तर मिळतं 'शू' (स्वतःवरून दुसऱ्याला ओळखणं), आणि खुलासा म्हणून त्सकुंगचंच वाक्य जवळजवळ जसंच्या तसं परत येतं.