लूथर ते बोनहोफर: जर्मन धर्मचिंतनात राजसत्तेला विरोध करण्याचा आधार होता का?

प्रश्न

डीट्रिश बोनहोफर (१९०६–१९४५) यांनी तुरुंगातून लिहिलेली पत्रे नुकतीच वाचून झाली. एप्रिल १९४३ मध्ये त्यांना अटक झाली आणि ९ एप्रिल १९४५ रोजी, म्हणजे युद्ध संपायला जेमतेम महिना उरला असताना, फ्लॉसेनबुर्ग छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आली. ज्या प्रोटेस्टंट चर्चचे ते पाळक होते, त्यातील बहुसंख्य लोकांनी १९३३ नंतर नाझी राजवटीशी जुळवून घेतले आणि अनेकांनी तिचे उघड स्वागतही केले. या शरणागतीचे मूळ प्रोटेस्टंट पंथाचा पाया घालणारे सोळाव्या शतकातील जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर यांच्या दोन राज्यांच्या सिद्धांतात आहे, असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते. आत्म्याचे राज्य देवाचे आणि व्यवहाराचे राज्य राजाचे, अशी वाटणी एकदा केली की राजाला जाब विचारण्याची सोय उरत नाही, असा तो युक्तिवाद आहे. तो कितपत खरा आहे? बोनहोफर यांना विरोधाचा आधार याच परंपरेत सापडला, की तिच्या बाहेर जाऊन शोधावा लागला? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा भाग समजण्यासाठी लूथर यांचा ऐहिक सत्तेविषयीचा १५२३ चा निबंध मुळातून वाचणे आवश्यक आहे. त्याचा प्रसंग अगदी ठोस होता. लूथर यांनी वार्टबुर्ग किल्ल्यात जर्मनमध्ये आणलेला बायबलचा नवा करार सप्टेंबर १५२२ मध्ये छापून आला आणि माइसेन, बव्हेरिया आदी प्रदेशांतील राज्यकर्त्यांनी तो बाळगण्यास मनाई करून प्रती जमा करण्याचे हुकूम काढले. त्यावर लूथर यांचे सांगणे असे, की प्रजेने ग्रंथाचे एक पानही स्वतःहून सुपूर्द करू नये, कारण माणसाच्या श्रद्धेवर राजाचा अधिकार चालत नाही. मात्र शिपाई घरात शिरून बळाने ग्रंथ नेऊ लागले तर हात उगारू नये. सत्तेला मर्यादा आहे, पण ती ओलांडणाऱ्या सत्तेपुढे प्रजेने सोसायचे, बंड करायचे नाही, अशी ही भूमिका आहे. दोनच वर्षांनी, १५२५ च्या शेतकरी उठावाच्या वेळी, लूथर यांनी राजांना बंडखोरांचा निर्दयपणे बीमोड करण्यास सांगितले आणि त्यांच्या शिकवणीतील मर्यादेची बाजू लोकांच्या नजरेआड झाली. त्या लेखनातील क्रौर्याचे समर्थन करता येत नाही आणि करूही नये.

तरीही लूथरपंथीयांनी विरोधाचा विचारच केला नाही, असे म्हणता येणार नाही. सम्राट पाचव्या चार्ल्सने लादलेली धार्मिक तडजोड माग्डेबुर्ग शहराने नाकारली, तेव्हा तेथील पाळकांनी १५५० मध्ये एक जाहीरनामा काढला. वरिष्ठ सत्ता धर्माचाच उच्छेद करू लागली तर कनिष्ठ सत्ताधाऱ्यांना तिचा सशस्त्र प्रतिकार करण्याचा अधिकार, किंबहुना कर्तव्य आहे, असे त्यात स्पष्टपणे मांडले होते. या दस्तऐवजाकडे फार कमी लोक वळतात, याचे मला नेहमी वाईट वाटते.

माझ्या मते शरणागतीचे कारण सिद्धांतापेक्षा रचनेत अधिक शोधावे लागते. १५५५ च्या आउग्सबुर्ग तहानंतर प्रत्येक प्रदेशाचा धर्म त्याच्या राज्यकर्त्याने ठरवावा असे ठरले आणि प्रोटेस्टंट प्रदेशांत राजाच चर्चचा प्रमुख झाला. ही व्यवस्था थेट १९१८ पर्यंत टिकली. राजे पदच्युत झाल्यावर चर्चला स्वातंत्र्य मिळाले खरे, पण कित्येक पाळकांना ते अनाथपण वाटले आणि राजेशाहीनंतर आलेल्या वायमार प्रजासत्ताकाला त्यांनी मनापासून कधीच स्वीकारले नाही. १९३३ मध्ये त्यांना पुन्हा एक खंबीर शासक दिसला.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. फक्त विसाव्या शतकातील एक दुवा जोडतो. बर्लिनचे अडोल्फ फॉन हार्नाक हे त्या काळातील उदारमतवादी धर्मशास्त्राचे सर्वांत मोठे नाव होते. धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ आणि पुढच्या पिढीतील बोनहोफर या दोघांनीही त्यांच्याकडे अध्ययन केले. ऑक्टोबर १९१४ मध्ये जर्मनीच्या युद्धाचे समर्थन करणारे ९३ विद्वानांचे पत्रक निघाले, त्यावर हार्नाक यांची स्वाक्षरी होती, आणि आपले गुरुजन त्या यादीत पाहून बार्थ यांचा त्या संपूर्ण धर्मशास्त्रावरील विश्वास ढळला. देवाचे वचन राष्ट्र, संस्कृती वा इतिहास यांच्याशी एकरूप करता येत नाही, हा त्यांचा आग्रह तेव्हापासूनचा. बार्थ स्वतः स्विस होते, पण चर्चवर नाझी विचार लादण्यास विरोध करणाऱ्या प्रोटेस्टंटांनी मे १९३४ मध्ये काढलेल्या बार्मेन घोषणापत्राचा मसुदा प्रामुख्याने त्यांचाच आहे. येशू ख्रिस्त हेच देवाचे एकमेव वचन असून त्याच्या जोडीला अन्य कोणतीही सत्ता वा व्यक्ती साक्षात्काराचा स्रोत मानता येणार नाही, असे त्याच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे.

आता याच्या समोर आणखी एक दस्तऐवज ठेवून पाहावा. बार्मेननंतर अवघ्या काही दिवसांत, जून १९३४ मध्ये, एर्लांगेन विद्यापीठातील धर्मशास्त्रज्ञ पाउल आल्टहाउस आणि वेर्नर एलर्ट यांनी अन्सबाख निवेदनावर स्वाक्षऱ्या केल्या, ज्यात हिटलरच्या रूपाने देवाने सत्प्रवृत्त शासक दिल्याबद्दल कृतज्ञता व्यक्त केली होती. आल्टहाउस हे लूथर यांच्या विचारांचे मान्यवर अभ्यासक होते. लूथर यांचे नीट वाचन केले असते तर जर्मन पाळक या शरणागतीतून सुटले असते, असे कोणी म्हटले तर ते त्यामुळे मला पटत नाही.

प्रतिसाद ३

या चर्चेत ज्यू धर्मचिंतकांचा उल्लेख अद्याप आलेला नाही आणि त्याशिवाय ती अपुरी राहील. हार्नाक यांनी १८९९–१९०० च्या हिवाळी सत्रात ख्रिस्ती धर्माच्या साराविषयी गाजलेली व्याख्याने दिली. त्यांत येशूच्या काळातील ज्यू धर्माचे चित्र उणे आणि एकांगी होते. त्याला रब्बी लेओ बेक यांनी आधी एका परीक्षणातून आणि मग १९०५ मध्ये ज्यू धर्माच्या सारावरील स्वतंत्र ग्रंथातून उत्तर दिले. संयत आणि अभ्यासपूर्ण असा तो ग्रंथ आहे, पण ख्रिस्ती विद्यापीठांनी त्याची पुरेशी दखल घेतली नाही. बेक पुढे जर्मनीतील ज्यूंच्या प्रातिनिधिक संघटनेचे प्रमुख झाले, देश सोडण्याची संधी असूनही समाजासोबत राहिले, १९४३ मध्ये टेरेझियनश्टाट येथील नाझी छावणीत पाठवले गेले आणि तेथून जिवंत परतले.

बार्मेन घोषणापत्रात ज्यूंविषयी एक शब्दही नाही, ही त्याची फार मोठी उणीव आहे. लूथर यांनी १५४३ मध्ये ज्यूंची सभास्थाने जाळण्याचा सल्ला लिहून ठेवला होता, आणि नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझींनी जर्मनीभर केलेल्या सभास्थानांच्या जाळपोळीनंतर थुरिंगियाचे बिशप मार्टिन झासे यांनी त्या लेखनातील उतारे पुस्तिकेच्या रूपाने छापून वाटले. परंपरेत विरोधाचा आधार होता की नाही, हे विचारताना तिच्यात हे विषही होते, याचा विसर पडता कामा नये.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ज्या अभ्यासाने आल्टहाउस घडले, त्याच अभ्यासातून बोनहोफर वेगळे कसे निघाले, हा प्रश्न मात्र आता अधिकच तीव्र झाला आहे.

प्रतिसाद ४

केवळ ग्रंथांतून त्याचे उत्तर मिळणार नाही. १९३०–३१ मध्ये बोनहोफर न्यूयॉर्कला शिकत होते आणि हार्लेममधील कृष्णवर्णीयांच्या अबिसिनियन बाप्टिस्ट चर्चमध्ये ते नियमित जात, तेथे मुलांना शिकवत. अन्याय सोसणाऱ्या माणसाच्या बाजूने बायबल वाचणारे चर्च त्यांनी तिथे जवळून पाहिले, आणि जर्मन विद्यापीठांतील त्यांच्या बहुतेक सहकाऱ्यांच्या वाट्याला हा अनुभव आला नव्हता. घरची परिस्थितीही लक्षात घ्यावी लागते. त्यांच्या जुळ्या बहिणीचे पती ज्यू वंशाचे होते, तर दुसऱ्या बहिणीचे पती हान्स फॉन डोनान्यी यांच्यामुळे ते लष्करी गुप्तचर खात्यातील हिटलरविरोधी कटाशी जोडले गेले.

तरीही परंपरा त्यांनी टाकून दिली नाही. चर्च आणि ज्यू प्रश्न या विषयावरील १९३३ च्या त्यांच्या निबंधात चर्चची तीन कर्तव्ये सांगितली आहेत: राज्याला त्याच्या कृतीचा जाब विचारणे, त्या कृतीच्या बळींना ते ख्रिस्ती नसले तरी साहाय्य करणे, आणि वेळ आलीच तर चाकाखाली चिरडलेल्यांना मलमपट्टी करण्यावर न थांबता ते चाकच अडवणे. राज्याचे क्षेत्र वेगळे आहे, हे लूथर यांचे गृहीतक निबंधाच्या पूर्वार्धात जसेच्या तसे आहे, ज्यूंविषयीचे जुने ख्रिस्ती पूर्वग्रहही त्यात दिसतात, आणि तिसरे कर्तव्य त्याच पानांवर या सगळ्याच्या पुढे जाते. म्हणून आपण आधी लूथर यांचा १५२३ चा निबंध, त्यानंतर हा निबंध आणि मग १९३७ चे शिष्यत्वावरील पुस्तक, या क्रमाने वाचावे. तुरुंगातील पत्रे त्यानंतर पुन्हा हाती घेतल्यास ३० एप्रिल १९४४ च्या पत्रापासून सुरुवात करावी, कारण ख्रिस्त आज आपल्यासाठी नेमका कोण आहे, हा प्रश्न ते मित्र एबरहार्ड बेथगे यांच्यापुढे तिथे प्रथम मोकळेपणाने मांडतात.