मॅरेथॉन म्हणजे बडीशेपेचं रान की सोपेचं?

लातूरकर: पोराच्या शाळेच्या हस्तलिखितासाठी मॅरेथॉनच्या लढाईवर पानभर भाषांतर करू लालोय. त्यात आहे की त्या मैदानाला नाव पडलं ते तिथं उगवणाऱ्या रानबडीशेपेवरून, ग्रीकमधे तिला माराथॉन. मी लिहिलं 'बडीशेपेचं रान'. बायको नांदेडची, म्हणे सोप लिहा, बडीशेप कोण म्हणतंय. आई म्हणे शेप म्हणजे शेपू, अन शेपूत कोण लढाई करतंय? काय ठेवू?

तेरचा पाहुणा: सोप. हॉटेलात बिलासंगं वाटीत येते ती सोपच.

काढेवाली: शेपू वेगळा हो. आयुर्वेदात बडीशेप ती मिश्रेया, शेपू ती शतपुष्पा. बाळंतिणीला देतात ती बाळंतशेप म्हणजे शेपूचं बी. दोन्हीचा पाला सारखाच बारीक, पण हातावर चुरडून बघा, बडीशेप गोडसर लागते अन शेपूचा वास हात धुतला तरी जात नाही.

तेरचा पाहुणा: मला तर वाटतं मॅरेथॉन अन मराठा एकच. ग्रीकांना आपलं तेर ठाऊक होतं, पेरिप्लस या जुन्या ग्रीक व्यापारी पुस्तकात तगर म्हणून आहे, पैठण पण आहे.

जुना मास्तर: उगं काहीही. लढाई इ.स.पू. 490 ची, पेरिप्लस त्यानंतर पाचशे वर्षांनी. नाणेघाटात 'महारठी' कोरलंय तेही नंतरचंच. अथेन्सचे 192 पडले अन इराण्यांचे 6400, हे ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो, त्यात मराठे कुठून आणता?

बीडची सून: त्यापेक्षा आमच्याकडं 3 किलोमीटरच्या पळापळीच्या टीशर्टवर 'मॅरेथॉन' छापतेत ते बंद करा. 42.195 च्या खाली सगळ्या नुसत्या दौडी.

लातूरकर: अन पेपरात 'मॅरेथॉन बैठक' येते ती? तिथं तर सगळे बसूनच असतेत.

जुना मास्तर: 42.195 तरी कुठं ग्रीकांचं आहे, ते 1908 च्या लंडन ऑलिम्पिकचं. हेरोडोटसचा निरोप्या फिडिपिडीस लढाईआधी अथेन्सहून स्पार्टाला मदत मागायला पळाला. जिंकल्याची बातमी घेऊन अथेन्सला पळाल्याची गोष्ट फार नंतरच्यांनी लिहिली.

बीडची सून: मग तर स्पार्टाच म्हणा, ते अंतर 240 च्या आसपास आहे, टीशर्टवाले दमतील.

लातूरकर: ते राहू द्या, हस्तलिखित उद्या द्यायचंय. सोप की बडीशेप?

काढेवाली: शेपू मूगडाळ घालून करून बघा, वास निम्मा होतो.

तेरचा पाहुणा: निम्मा नाही होत. लसूण जास्त लागतो.