अंजनवेलचा प्रकल्प विसरू नका

खासगीकरणाच्या या चर्चेत एकांनी लिहिलंय, 'खासगीकरण झालं की सरकारकडे परत काही येत नाही.' आमच्या गुहागरात आलंय की! एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा वीज प्रकल्प नावाला दाभोळचा, पण उभा आहे खाडीच्या अलीकडे अंजनवेलला. 2001 मध्ये राज्याच्या वीज मंडळाशी दराचं भांडण झालं आणि तो बंद पडला. धोपाव्याच्या फेरीबोटीतून रात्री दिव्यांची रांग दिसायची, तिथे नुसता काळोख. जमिनी दिलेल्या घरांतली पोरं पुन्हा मुंबईची गाडी धरू लागली.

2005 मध्ये एनटीपीसी ही सरकारी वीज कंपनी, गेल ही सरकारी गॅस कंपनी, बँका आणि वीज मंडळाने मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी काढली आणि प्रकल्प ताब्यात घेतला. म्हणजे कर्ज बुडालं तेव्हा भार पुन्हा सरकारी बँकांवरच. विजेच्या पैशांची राज्याची हमी, वर राज्याने नाही दिले तर आम्ही देऊ अशी केंद्राची प्रतिहमी आधीच दिलेली होती, मग खासगी कंपनीची जोखीम नेमकी कुठली?

अर्थात नुसती मालकी सरकारी करून भागत नाही. पुढे गॅस मिळेना म्हणून 2013 च्या सुमारास वीजनिर्मितीचे संच पुन्हा थांबले, 2015 मध्ये रेल्वेला वीज द्यायचं ठरलं तेव्हा धुगधुगी आली. म्हणून माझं म्हणणं एवढंच, मालक कोण याआधी करारात काय लिहिलंय ते लोकांसमोर ठेवा.