मेगाब्लॉकचा रविवार, सिनेमे आणि पोकर टूर्नामेंट: जरा सुचवा

भांडुपकर
मंडळी, येत्या शनिवार-रविवारी आमचं घर मोकळं आहे आणि रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. म्हणजे कुठे जाणं नाही. आम्ही कॉलेजपासूनचे आठ जण. सहा घरी, एक पुण्यात, एक दुबईत. पूर्वी रविवारी रात्री एका ॲपवर शे-दीडशे रुपयांच्या पोकर टूर्नामेंट खेळायचो, ते गेल्या वर्षापासून बंद पडलंय. आता ग्रुपवर एकाने परदेशी साइटची लिंक टाकली आहे. एजंटला यूपीआय करायचं, तो चिप्स (खेळातली टोकनं) देतो म्हणे. खेळावं का? दुसरं, पत्त्यांवरचे चांगले सिनेमे सांगा. बेत असा आहे की टीव्हीवर सिनेमा लावायचा आणि मोबाईलवर टूर्नामेंट चालू ठेवायची. तिघांना फक्त तीनपत्ती येते.

वांद्रे_कोर्ट_जवळ
एजंटचं आधी. नको. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली, आणि तुमच्यासारख्यांची ॲपं त्याच आठवड्यात पैशांची टेबलं गुंडाळून बसली. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा वाद त्या कायद्याने बाजूलाच ठेवलाय. पैसे लावून ऑनलाइन खेळवलं की झालं. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, पण म्हणून एजंटकडे जावं असं होत नाही. असल्या एजंटचं बँक खातं बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या नावाचं असतं. उद्या कुणी 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार केली की ते खातं गोठतं, आणि त्यात पैसे टाकणाऱ्या-घेणाऱ्यांचीही खाती चौकशीत अडकतात. पगाराचं खातं गोठलं तर महिनाभर बँकेच्या पायऱ्या झिजवा.

हुकुमाचा_गुलाम
पण सुप्रीम कोर्टाने 1968 मध्येच रमीला कौशल्याचा खेळ म्हटलंय की! पोकरला वेगळा न्याय का?

वांद्रे_कोर्ट_जवळ
वाद घालायला माझी ना नाही. पण तो कोर्टात घालावा, भांडुपच्या हॉलमध्ये बसून एजंटच्या व्हॉट्सॲपवर नाही.

हुकुमाचा_गुलाम
बरं. मग बिनपैशांचं सांगतो, कारण आमचा ग्रुप तसाच खेळतो. पोकर नाऊ नावाची साइट आहे, ब्राउझरमध्येच टेबल उघडायचं, लिंक पाठवायची, नुसत्या खोट्या चिप्स. पुणे-दुबईवाले व्हिडिओ कॉलवर बसतील. लोक म्हणतात पैसे नसले की सगळे पहिल्याच हाताला ऑल-इन जातात, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम लावतात. जातात, कारण फुकट ॲपवर चिप्स संपल्या की लगेच नव्या मिळतात. टूर्नामेंटमध्ये संपल्या की बाहेर, म्हणून माणूस पत्ते टाकून डाव सोडायला शिकतो. तेव्हा रीबाय, म्हणजे संपल्यावर नव्या चिप्स घेणं, अजिबात ठेवू नका.

आठ जणांना प्रत्येकी 5000 चिप्स द्या. ब्लाइंड (तीनपत्तीतलं नव्हे, इथे दर हाताला दोघांनी पाळीपाळीने लावायच्याच चिप्स, एक लहान, एक मोठा) 25/50 पासून सुरू करा, म्हणजे प्रत्येकाकडे शंभर बिग ब्लाइंड, खेळायला भरपूर जागा. मग दर पंधरा मिनिटांनी 50/100, 75/150, 100/200, 150/300, 200/400 असं चढवत जा. पुढे 300/600, 400/800, 500/1000, 700/1400. मोबाईलवर गजर लावा, नाहीतर कुणीच वाढवत नाही आणि दोन वाजेपर्यंत सगळे नुसते बसून राहतात. टेबलावर एकूण 40,000 चिप्स. ब्लाइंड 1000/2000 वर आले की सगळ्यांचे मिळून वीसच बिग ब्लाइंड उरतात, तिथे खेळ आपोआप संपायला येतो. अडीच-पावणेतीन तासांचं काम.

तीनपत्तीवाल्यांना क्रम आधी कागदावर लिहून द्या. त्यांच्याकडे सिक्वेन्स कलरला मारते, इथे उलटं, फ्लश (म्हणजे कलर) स्ट्रेटला (म्हणजे सिक्वेन्सला) मारतो. आणि ट्रेल म्हणून उड्या मारू नका म्हणावं, तीन सारखे पत्ते इथे साध्या स्ट्रेटलाही हरतात. आमच्याकडे एक जण तीन राण्या घेऊन सगळं लावून बसला होता आणि हरल्यावर अर्धा तास मान्यच करेना.

माटुंगा_मॅटिनी
सिनेमा आणि टूर्नामेंट एकत्र मुळीच नको. दोन्हींचं वाटोळं होईल. पोकरमध्ये निम्मा वेळ तुम्ही पत्ते टाकून बसलेले असता, आणि खरं बघायचं तेव्हाच असतं: कोण पटकन पैसे लावतो, कोण अडखळतो. तेवढ्यात टीव्हीकडे मान गेली की संपलं. शनिवारी सिनेमे, रविवारी खेळ.

शनिवारी 'राउंडर्स' (1998) लावा. मॅट डेमन, एडवर्ड नॉर्टन. त्यात नायक 1988 च्या पोकर वर्ल्ड सिरीजची फायनल, जॉनी चॅन विरुद्ध एरिक साइडेल, टेपवर परत परत बघतो. ती खरी घडलेली फायनल आहे. नवशिक्यांना दोन पत्ते हातात आणि पाच मधे ही भानगड त्यातून निम्मी कळेल. मग 'कसिनो रॉयाल' (2006). फ्लेमिंगच्या कादंबरीत बॉण्ड बॅकरा हा वेगळाच पत्त्यांचा खेळ खेळतो, सिनेमात ते बदलून टेक्सास होल्डेम (हेच दोन हातात, पाच मधे वालं पोकर) केलं, कारण तेव्हा पोकरची लाट होती. बघायला झकास, पण शिकायला घेऊ नका. शेवटच्या डावात चौघांकडे एकाच वेळी फ्लश, दोन फुल हाउस आणि स्ट्रेट फ्लश, सगळे क्वचित येणारे मोठे हात! असं भांडुपला होणार नाही, मोनॅकोतही नाही. 'द सिनसिनाटी किड' (1965) मला सगळ्यांत आवडतो, पण त्यात फाइव्ह कार्ड स्टड हा पोकरचा वेगळा प्रकार आहे, तीनपत्तीवाले गोंधळतील. तो नंतर एकट्याने बघा.

आपल्याकडचा 'तीन पत्ती' (2010), अमिताभ आणि बेन किंग्जली, मला काही रुचला नाही. कुणाला आवडला असेल तर भांडायला तयार आहे.

मुलुंड_पूर्व
लाट आली ती क्रिस मनीमेकरमुळे, हे सांगायचं राहिलं. टेनेसीचा अकाउंटंट, आडनाव खरंच मनीमेकर. ऑनलाइन 86 डॉलरची पात्रता टूर्नामेंट खेळून 2003 च्या वर्ल्ड सिरीजला गेला आणि 839 खेळाडूंत पहिला येऊन 25 लाख डॉलर घेऊन आला. पुढच्या वर्षी आकडा 2,576 वर गेला. सगळ्यांना वाटलं आपणही. बाकीच्या 2,575 जणांवर कुणी सिनेमा काढत नाही, ते सोडा.

चेंबूरची_सुगरण
खाण्याचं कुणीच बोललं नाही! रविवारी घरचे सहा जण खरे पत्तेही काढणार असाल तर वडापाव आणि भजी टेबलापासून लांब. तेलकट बोटांनी राजाच्या पाठीवर डाग पडला की तो राजा उरलेला दिवसभर सगळ्यांना ओळखू येतो. सुकी भेळ, चणे-दाणे, चमच्याने खायचा उपमा. चिप्स नसतील तर व्यापारातल्या नोटा काढा. आमच्याकडे राजमा वापरतात, दर वेळी दोन-चार दाणे सोफ्याखाली जातात आणि हिशेब लागत नाही.

भांडुपकर
भारी! ती लिंक ग्रुपवरून उडवायला सांगितली, जरा रुसलाय. हरणाऱ्याला काय ठेवू? पैसे नकोत म्हटल्यावर काहीतरी हवं.

हुकुमाचा_गुलाम
पहिला बाहेर पडेल तो चहा आणि भांडी. त्याने चिडचिड केली तर खरकटं पण. दुबईवाला पहिला गेला तर पुढच्या भेटीला खजूर.

भांडुपकर
आणि बदलापूरवाला? मेगाब्लॉकमुळे तो तासभर उशिरा येणार हे आत्ताच कळवतोय.

हुकुमाचा_गुलाम
थांबू नका. त्याच्या नावाच्या 5000 चिप्स टेबलावर ठेवा, त्याची पाळी येईल तेव्हा ब्लाइंड कापत राहा. तासाभरात चार-पाचशे तर सहज जातात. आल्यावर ओरडेल, पण वेळेत यायचं असेल तर शनिवारी रात्रीच मुक्कामाला बोलवा.