गच्चीची किल्ली

*बी-२०१ काकू:* नमस्कार. नाव घेत नाही, पण वरच्या मजल्यावरून आज पुन्हा न पिळलेली चादर माझ्या खिडकीवर सोडलेली आहे. भर दुपारी दिवा लावून बसलेय. मागच्या गणपतीत झालं ते परत बोलायला लावू नका.

*बी-३०१:* काकू, वरचा मजला म्हणजे आम्हीच. घ्या की नाव. घरात दीड वर्षाचं बाळ आहे. पंख्याखाली दुपटी दोन-दोन दिवस वाळत नाहीत, कुबट वास येतो. आणि चादर पिळलेली होती.

*बी-१०१:* २०१ च्या तुळशीचं पाणी रोज माझ्या वाळत टाकलेल्या टॉवेलवर पडतं. मी कधी ग्रुपवर टाकलं नाही.

*बी-२०१ काकू:* आत्ता टाकलंत ना.

*सी-४०४:* ते पाणी नाही, तीर्थ आहे 🙏

*सेक्रेटरी:* सर्व सभासदांना नम्र सूचना. दर्शनी बाजूला दोऱ्या बांधणे व ग्रिलबाहेर कपडे टाकणे यास कमिटीने मनाई केली आहे. ब्रॅकेटसाठी भिंतीला भोकं पाडली की ओल येते आणि रंगकामाचे पैसे शेवटी सगळ्यांच्याच खिशातून जातात. पुढील महिन्यापासून प्रत्येक वेळी ५०० रु. दंड.

*ए-६०२ काका:* गच्चीची किल्ली कुणाकडे आहे?

*बी-३०१:* हा दंड कुठल्या सभेत ठरला? उपविधीप्रमाणे तो अधिकार सर्वसाधारण सभेचा. आधी नोटीस, मग आमचं म्हणणं ऐकायचं, मग दंड. सोसायटी आहे, शाळा नाही.

*सेक्रेटरी:* आपला अभ्यास दांडगा आहे. सप्टेंबरच्या सभेत कमिटीत या. मी आनंदाने दप्तर सोपवतो.

*ए-३०३:* 🌺 आषाढी एकादशीच्या हार्दिक शुभेच्छा 🌺

*सी-४०४:* काका, एकादशी परवाच झाली. उपाससुद्धा सुटला.

*ए-६०२ काका:* २००३ साली गच्चीवर पाच तारा आम्ही स्वतः ओढल्या. अँगल अजून शाबूत आहेत. गच्ची असताना खिडकीत कशाला? गच्चीची किल्ली कुणाकडे आहे?

*सी-१०२ ताई:* काका, पहिल्या मजल्यावरून ओली बादली घेऊन सातव्याच्या वर कोण चढणार? लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही. आणि वाळत घालतं कोण, तेही एकदा विचारा घरी. बायकांचे आतले कपडे आम्ही आजही परकराखाली लपवून वाळवतो, त्यावर काढा एखादं सर्क्युलर.

*सी-४०४:* 🫡

*ए-५०१:* आमच्याकडे कप्पीची दोरी बसवली आहे. कपडे वर छताला, खाली माणसं. कुणाला त्रास नाही.

*बी-३०१:* तुमची बाल्कनी आहे हो. आमची बिल्डरने खोलीत घेऊन विकली.

*खजिनदार काका:* सध्या मुलीकडे फ्लोरिडात आहे, म्हणून आत्ता वाचलं. गंमत सांगतो. इथे खूप सोसायट्या अंगणात दोरी बांधू देत नाहीत, म्हणे घराची किंमत पडते. कडक ऊन सोडून सगळे ड्रायर लावतात. पण फ्लोरिडाच्या कायद्यात सोलर आणि कपड्यांची दोरी एकाच कलमात आहेत, सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही. जावई म्हणतो, असं कलम आहे हे शेजाऱ्यांनाच माहीत नाही. मी आल्या आल्या दोरी बांधली. मुलगी दोन दिवस बोलत नव्हती.

*सेक्रेटरी:* छान माहिती. पण आपली सोसायटी डोंबिवलीत आहे.

*बी-३०१:* ऊन सगळीकडे फुकटच असतं, सेक्रेटरीसाहेब.

*ए-६०२ काका:* खजिनदारसाहेब, कोजागिरीला मसाला दूध वर नेताना कुलूप तुम्ही उघडलं होतं. गच्चीची किल्ली कुणाकडे आहे?

*खजिनदार काका:* कपाटाच्या खणात आहे.

*ए-६०२ काका:* आणि कपाटाची?

*खजिनदार काका:* जुडग्यात. जुडगा इथे आणला मी चुकून. दिवाळीनंतर येतोय.

*सी-४०४:* 😂😂😂

*सेक्रेटरी:* कुलूप तोडायचा खर्च कोणत्या खात्यात टाकायचा ते कृपया सांगावे.

*बी-२०१ काकू:* ३०१, तुमची चादर वाऱ्याने सुटून माझ्या तुळशीवर पडली आहे. पिळून वर पाठवते.