एआय कोडिंग असिस्टंटचं थर्ड-पार्टी एक्स्टेंशन बीटा टेस्ट करतोय, बग नेमका कोणाचा हे कसं ओळखायचं?

गायत्रीनगर_बॅकएंड

नमस्कार मंडळी. मी नागपूरच्या आयटी पार्कात एका छोट्या कंपनीत बॅकएंडचं काम करतो. व्हीएस कोड या कोड एडिटरमधल्या एआय असिस्टंटला जोडायचं एक एक्स्टेंशन सध्या बीटामध्ये (चाचणीच्या टप्प्यात) आहे, आतून एमसीपी सर्व्हरच आहे तो, म्हणजे एआयला बाहेरची कामं करायला छोटी छोटी 'टूल्स' पुरवणारा प्रोग्राम; पोस्टग्रेस डेटाबेसचा स्कीमा (टेबलांची रचना) वाचून असिस्टंटला देतो आणि मायग्रेशनच्या, म्हणजे ती रचना बदलायच्या, फाईली लिहितो. बनवणाऱ्यांनी टेस्टर मागितले, मी नाव दिलं, कारण हे एक्स्टेंशन नीट झालं तर आमच्या टीमचा खूप वेळ वाचेल. पण तेच वाक्य टाकलं तरी असिस्टंट कधी सर्व्हरचं बरोबर टूल बोलावतो, कधी बोलावतच नाही आणि टेबलांची नावं मनानेच ठोकून देतो. आता हा बग एक्स्टेंशनचा लिहू की मॉडेलचा? "कधी चालतं, कधी नाही" एवढंच लिहिलं तर समोरच्याने त्याचं काय करायचं? आणि दुसरं म्हणजे ऑफिसच्या लॅपटॉपवर हे टाकणं बरोबर आहे का?

वऱ्हाडी_टेस्टर

भाऊ, पयले मॉडेलले (असिस्टंटच्या आतल्या एआयले) बाजूला काढ. एमसीपी इन्स्पेक्टर नावाचं टूल आहे, फुकट आहे, त्याच्यातून सर्व्हरचं एकेक टूल हातानं बोलावता येते, मधात एआय नाहीच. तिथंच गडबड दिसली तं बग सरळ एक्स्टेंशनचा, वाद नाही. तिथं बरोबर चालून राहिलं आणि चॅटमध्ये बिघडून राहिलं, तं मंग टूलचं वर्णन वाच. मॉडेलले कोड दिसत नाही, त्याले फक्त टूलचं नाव, दोन ओळींचं वर्णन आणि पॅरामीटर दिसतात, त्याच्यावरच तो ठरवते की हे बोलवायचं का नाही. वर्णन मोघम असलं तं तो कधी बोलावते, कधी नाही, आणि ते वर्णन बनवणाऱ्यानंच लिहिलं आहे ना, म्हणून तो बी बग त्याचाच धरजो.

बाकीचे एमसीपी सर्व्हर बंद करून पाहजो. चारपाच सर्व्हर जोडले की टूलचा ढीग होते आणि सारख्या नावाच्या टूलमध्ये मॉडेल भलतंच उचलते. दर वेळी नवीन चॅट उघड, जुन्या चॅटमधलं मागचं उत्तर पाहून तो पुढचं देते. रिपोर्टमध्ये वाक्य जसंच्या तसं, मॉडेलचं नाव, एक्स्टेंशनची आवृत्ती, आणि कितीपैकी किती वेळा चुकलं हे पायजे.

अजून एक, सर्व्हर सुरू होऊन लगेच मरत असंल तं लॉग पाहजो. एसटीडीआयओवर, म्हणजे प्रोग्रामच्या नेहमीच्या इनपुट-आउटपुटवर, चालणाऱ्या सर्व्हरच्या एसटीडीआउटमध्ये (आउटपुटमध्ये) जेसन-आरपीसीचे, म्हणजे एमसीपीच्या ठरलेल्या साच्यातले, मेसेज सोडून काहीच जायले नाही पायजे. कोणी डीबगसाठी टाकलेली एखादी कन्सोल डॉट लॉगची (मजकूर छापायची) ओळ काढायले विसरलं की बोलणंच तुटते. लॉग एसटीडीईआरआरवरच, म्हणजे एररच्या वेगळ्या वाटेनंच, गेला पायजे.

मिहान_इन्फ्रा

ऑफिसच्या लॅपटॉपबद्दल: विचारल्याशिवाय नको. व्हीएस कोडचं एक्स्टेंशन वेगळ्या पिंजऱ्यात चालत नाही, व्हीएस कोडला जे जे उघडता येतं ते सगळं त्यालाही उघडता येतं, म्हणजे तुमच्या एसएसएच की (सर्व्हरवर शिरायच्या किल्ल्या), पासवर्ड ठेवलेल्या डॉट ईएनव्ही फाईली, सगळंच. बनवणारे चांगले असतील हो, पण बीटा म्हणजे रोज नवी आवृत्ती. सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या साठ्यावरचं पोस्टमार्क-एमसीपी नावाचं पॅकेज पकडलं गेलं, पोस्टमार्क या मेल पाठवणाऱ्या कंपनीचं ते नव्हतंच, आधीच्या आवृत्त्या अगदी साफ होत्या आणि १.०.१६ मध्ये एक ओळ घालून जाणाऱ्या प्रत्येक मेलची गुपचूप बीसीसी दुसरीकडे पाठवणं सुरू झालं. म्हणून लेटेस्ट लिहून सोडू नका, आवृत्तीचा आकडा ठरवून टाका, आणि वाढवताना काय बदललं ते वाचा.

व्हर्च्युअल मशीन किंवा कंटेनर (लॅपटॉपच्या बाकीच्या फाईलींपासून वेगळी ठेवलेली जागा) घ्या, त्यात खोटा डेटा भरलेला पोस्टग्रेस ठेवा आणि फक्त वाचायची परवानगी असलेला वेगळा युजर करा. टूलवर "फक्त वाचतो" असा शेरा असला तरी भरवसा ठेवू नका, प्रोटोकॉलमध्ये ती नुसती सूचना आहे, अडवणारं त्यात काही नाही. अडवायचं काम डेटाबेसच्या परवानगीनेच होतं.

लिपी_आणि_कोड

मराठी मजकूर घालून टेस्ट कराच, हे आपण नाही केलं तर दुसरं कोणी करणार नाही. "नागपूर" शब्द घ्या. युनिकोडमध्ये ६ अक्षरचिन्हं (काना, ऊकार वेगळे मोजून), आणि ती फाईलमध्ये साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत १८ बाइट. एक्स्टेंशन बाइट मोजत असेल आणि एडिटर चिन्हं मोजत असेल तर त्या ओळीतला पुढचा बदल १२ जागा सरकून भलत्याच ठिकाणी बसतो, आणि इंग्रजी कॉमेंट असलेल्या फाईलमध्ये हे कधीच दिसणार नाही. विंडोजवर पायथनचा सर्व्हर असेल तर कॉमेंटमध्ये मराठी आली की चारमॅपची एरर येऊन तो पडू शकतो, कारण एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) सांगितलं नसलं की तो विंडोजचं जुनं कोडपेज धरतो, ज्यात मराठी अक्षरं नसतात. पायथनचा यूटीएफ-८ मोड चालू करून परत पाहा, चालला तर कारण नक्की झालं. कितीतरी ग्रामपंचायतींच्या आणि बँकांच्या सिस्टिममध्ये मराठी नावं असतात, ती मोडणारं टूल आपल्या काय कामाचं?

गायत्रीनगर_बॅकएंड

सगळ्यांचे मनापासून आभार. घरच्या मशीनवर कंटेनर करून बसलो होतो. मराठी कॉमेंटवाली फाईल नीट गेली, बदल जागेवरच बसला. पण इन्स्पेक्टरमधून स्कीमाचं टूल बोलावलं तर डेटाबेसच्या त्या नव्या युजरला रिकामी यादी आली, एरर काहीच नाही. सगळे हक्क असलेल्या सुपरयुजरने केलं तर सगळी टेबलं दिसतात. म्हणजे रिकामी यादी पाहूनच असिस्टंट नावं बनवत असेल का?

मिहान_इन्फ्रा

या युजरने टूल चाललं तर तसं होऊ शकतं, पण टूल बोलावलंच नाही तेव्हा यादी आलेलीच नसते. रिकाम्या यादीचं म्हणाल तर टूल इन्फॉर्मेशन स्कीमातून, म्हणजे डेटाबेसच्या स्वतःच्या माहितीच्या यादीतून, वाचत असणार. तिथे ज्या टेबलावर तुमच्या युजरला काही ना काही हक्क आहे तेवढीच दिसतात, बाकीची नसल्यासारखी. नुसता कनेक्ट करायचा हक्क देऊन थांबला असाल, सिलेक्टही (टेबलं वाचायचा हक्क) द्या, यादी भरेल. पण बग म्हणून नोंदवाच, रिकामं आलं तर टूलने "या युजरला एकही टेबल दिसत नाही, हक्क तपासा" असं स्पष्ट सांगायला हवं, म्हणजे मॉडेल तेच तुम्हाला सांगेल. टूल न बोलावण्याचा प्रश्न वेगळा आहे, त्याची नोंद वेगळी करा, एकाच रिपोर्टमध्ये दोन्ही टाकले तर एक सुटलं की ते दुसऱ्यासकट बंद करून टाकतात.