स्टार्टअपमधली डिझाइन इंटर्नशिप: पोर्टफोलिओत दाखवू काय? (लवकर सांगा)

केतकी_फ
इंटर्नशिप पुढच्या आठवड्यात संपतेय, केस स्टडी लिहायची आहे. मी केलेली एकही स्क्रीन ॲपमध्ये गेली नाही. फाउंडर दर सोमवारी नवीनच काहीतरी काढतात, डेव्हलपर "नंतर बघू" म्हणतो. फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं तयार आहे, प्रोटोटाइपसकट. टाकू की नको? शक्यतो आजच सांगा.

खडूस_कोथरूडकर
ॲप कसलं? वापरतं कोण? एनडीएवर, म्हणजे गोपनीयतेच्या करारावर, सही केली आहे का? एवढं न सांगता "टाकू की नको" विचारताय!

अर्धवट_आकार
युजर टेस्टिंग केलं का? युजेबिलिटी तज्ज्ञ जेकब नील्सनच्या हिशेबाने पाच माणसं पुरतात, सुमारे ८५% अडचणी सापडतात. मी नेहमी पाचच घेतो.

विदाशोधक
तो आकडा एक माणूस साधारण ३१% अडचणी उघड करतो, असं धरून काढलेला आहे. शिवाय वापरणारे दोन तऱ्हांचे असतील तर प्रत्येक गटातली माणसं वेगळी घ्यावी लागतात. हे नेहमी गाळलं जातं.

अर्धवट_आकार
लहान स्टार्टअपमध्ये पाच माणसं मिळाली तरी गंगेत घोडं न्हालं म्हणायचं. पुस्तकी बोलू नका.

केतकी_फ
अहो, टेस्टिंगबद्दल मी विचारलंच नाहीये! किराणा दुकानदारांसाठी उधारीच्या वहीचं ॲप आहे, मराठी-हिंदी. एनडीए वगैरे नाही. ऑफर लेटरमध्ये गोपनीयतेचा एक परिच्छेद आहे फक्त.

खडूस_कोथरूडकर
तो "फक्त" परिच्छेदच महत्त्वाचा. फाउंडरना मेल करून लेखी परवानगी घ्या, तोंडी नको. दुकानदारांची नावं, आकडे सगळे बदला.

माजी_कोरलवाला
आमच्या वेळी कोरलड्रॉवर फ्लेक्स करायचो, संध्याकाळी चौकात लागलेला दिसायचा. कसला एनडीए न कसलं काय. रच्याकने, स्टायपेंड देतात का हल्ली?

लिपीवेडा
मराठी आहे म्हणून विचारतो, स्क्रीनवर मजकूर मराठीच टाकलाय ना? इंग्रजीसाठी ठरवलेल्या लाइन हाइटमध्ये वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात, उकार खालच्या ओळीला टेकतात. नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट लावून बघा. बटणावर "सेव्ह"च्या जागी "नोंद जतन करा" आलं की मांडणी कशी कोलमडते, तेही कळेल.

इंटरव्ह्यूवाली_ताई
मी डिझायनर्सच्या मुलाखती घेते. न गेलेल्या स्क्रीन खुशाल दाखव, "लाँच झालं" असं मात्र कुठेही सुचवू नकोस. एका प्रश्नात पकडलं जातं. छान स्क्रीन सगळ्यांकडेच असतात गं. मी विचारते, ही का गेली नाही? "फाउंडर ऐकत नाहीत" हे उत्तर मला पुरत नाही. "नंतर बघू" म्हणजे नेमकं अडलंय काय? डेव्हलपरच्या शेजारी बसून विचार. यादी रिकामी असताना काय दिसायचं, नेट गेलं तर नोंद कुठे राहायची, हे फिग्मात नसतं आणि त्याचा सगळा वेळ तिथेच जातो.

केतकी_फ
विचारलं. मी गिऱ्हाइकांची यादी बाकी रकमेनुसार लावली होती. सर्व्हरकडून येते नावानुसार, बाकीचा आकडा प्रत्येकाचं खातं उघडल्यावरच मिळतो. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! आणि एक गंमत: रकमेच्या चौकटीवर बोट ठेवलं की थेट आकड्यांचा कीपॅड उघडावा, असं मी चहा पिताना म्हटलं होतं. ते त्याने कधीच करून टाकलंय. पण ते फिग्मात नाहीच, त्याचं काय दाखवणार?

इंटरव्ह्यूवाली_ताई
अगं, केस स्टडी तिथूनच सुरू कर! आधीचा आणि आताचा, दोन स्क्रीनशॉट घे. मग यादीचं लिही: तुला काय हवं होतं, सर्व्हर काय देतो, त्यात बसणारा धाकटा उपाय कोणता.

विदाशोधक
+१. पण "नोंदी झटपट होऊ लागल्या" असं मोजल्याशिवाय लिहू नका.

सीड_२०२७
ताई, एम.डेस.साठी सीड ही प्रवेश परीक्षा दिली की आयआयटी मुंबईच्या आयडीसीला पोर्टफोलिओ बघतात का? आणि लॅपटॉपला १६ जीबी रॅम पुरेल का?

खडूस_कोथरूडकर
त्यासाठी वेगळा धागा काढा. केतकी, मेल पाठवला का?

केतकी_फ
पाठवला. फाउंडर म्हणाले, सोमवारी बोलू. :(